सासूची बैठक चार बोटं उंच

पुण्याहून निघाले तेव्हा एसटीत माझ्या मांडीवर एक पिवळीधमक गादी होती. गोल, पाटाएवढी, वीतभर जाड, आणि तिला तीन पट्टे लोंबत होते. शेजारच्या बाईंनी आधी गादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, "मूळव्याध का हो?"

"नाही," मी म्हटलं, "रताळी."

त्या कोल्हापूरपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

त्यांना सांगायचं राहिलं ते तुम्हाला सांगते. माझा धंदा वस्तू घडवण्याचा. एखादी वस्तू कारखान्यात तयार होण्याआधी ती हातात कशी बसेल, कुठे बोचेल, कुठून आधी तुटेल, हे सगळं कुणीतरी ठरवावं लागतं. ते मी ठरवते. कार्डावर 'इंडस्ट्रियल डिझायनर' असं छापलेलं आहे, पण सासरच्या मंडळींना ते तीस वर्षांत उमगलेलं नाही. माझी नणंद ओळख करून देताना सांगते, "ही आमची वैजू, मिक्सरची झाकणं काढती." त्यात खोटं काही नाही. झाकणं काढली, पाण्याच्या फिल्टरचे नळ काढले, पंख्याच्या रेग्युलेटरची बटणं काढली, बसायच्या खुर्च्या तर किती काढल्या. रेग्युलेटरच्या वेळी लोकांच्या घरी जाऊन, दिवा बंद करून, माणसं अंधारात बटण कसं चाचपतात ते बघत बसले होते. पेन्सिल त्यानंतर उचलली. माझी रीत तीच आहे, आधी बघत बसायचं.

दुसरी एक खोड आहे. वस्तू दिसली की ती उलटी करून बघते. वरून प्रत्येक वस्तू पाहुण्यांसाठी नटलेली असते. चपलेचा तळ बघा, माणूस कसा चालतो ते कळेल. या खोडीपायी मी हॉटेलांतून, दवाखान्यांतून आणि एकदा भर मांडवातून बोलणी खाल्ली आहेत.

तर शालनवन्संचा फोन आला. शालनवन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, माहेर निपाणीचं, दिलेली बेळगावच्या पश्चिमेला बेळगुंदीत. शेतात रताळी. गेल्या दोन वर्षांत त्यांचे गुडघे गेले. रताळी वेचायला दिवसभर उकिडवं बसावं लागतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की आता उकिडवं बसायचं नाही. मुलगा महेश बेळगावात फाउंड्रीत नोकरीला. त्याने ठरवून टाकलं होतं, या काढणीत आईला झेपलं नाही तर शेत शेजाऱ्याला वाट्याने द्यायचं.

"शेतात बसता आलं न्हाय तर मी घरात बसून काय करू गं? भिंती बघू?" वन्सं फोनवर म्हणाल्या. मग हसल्या, पण आवाज ओला होता. "तू सगळ्या जगाला झाकणं करून देतीस, माज्या बुडाखाली घालायला कायतरी कर की!"

मी केलं. कमरेला आणि मांड्यांना बांधायची गादी. बाई उठली की गादी पाठीमागून उठते, बसली की तिच्याखाली येते, हात मोकळे. परदेशात शेतकरी असलं काही वापरतात हे ऐकून होते. करता करता एक गोष्ट लक्षात आली. माझ्या हातच्या सगळ्या वस्तू उभ्या माणसासाठी नाहीतर खुर्चीवरच्या माणसासाठी. उकिडवं बसणाऱ्या बाईसाठी कुणी मला कधी कामच दिलं नव्हतं, कारण तिच्याकडून ऑर्डर येत नाही. त्यामुळे मी या गादीवर जरा जास्तच जीव लावला होता.

निपाणी

निपाणीला मुद्दाम उतरले. सासरचं मूळ गाव, पण माझ्या लग्नाआधीच घरदार विकून सगळे पुण्याला आलेले, त्यामुळे मला ते गाव लग्नकार्यापुरतंच ठाऊक. स्टँडबाहेर पडलं की तंबाखूचा वास येतो. वाईट नाही, जरा उग्र, ओल्या पानासारखा. दुसऱ्या दिवशी तो वास येईनासा होतो म्हणतात. मी तेवढा वेळ थांबले नाही.

स्टँडसमोर चहा सांगितला आणि बसायच्या आधी सवयीने स्टूल उलटं केलं. मालक आधी कानडीत काहीतरी म्हणाला. माझा कोरा चेहरा बघून मराठीत आला, "मोडलंय काय आक्का? दुसरं देतो की!"

"नाही हो, पाय बघत होते."

"स्टुलाचं?" त्याने गाळणी हातात धरून माझ्याकडे नीट पाहिलं आणि चहा जरा मोठ्या ग्लासात दिला. बहुधा दया आली असावी. सोबत मिरचीची भजी होती. आमच्याकडे भज्यातली मिरची चवीपुरती असते; इथे मिरचीला बेसनाचं पातळ उपरणं घातलेलं असतं. डोळे पुसत पुसत चार खाल्ली.

मला बघायचं होतं ते विड्या वळणाऱ्या बायकांचं बसणं. दिवसभर एका जागी बसून काम करण्यात त्यांचा हात धरणारं कोण आहे? एका गल्लीत उंबऱ्यापाशी एक बाई मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. बोटं चालू, नजर रस्त्यावर. त्यांचं नाव हौसाक्का. एक पाय लांब, एक दुमडलेला, पाठ दाराच्या चौकटीला घट्ट टेकलेली. मी समोरच्या पायरीवर बसून वहीत रेघोट्या मारू लागले.

"काय काढालीस गं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं बसणं."

"त्यात काय काढायचं? बसायला पैसं पडत न्हाईत."

"पाठ दुखत नाही का हो?"

"चौकट हाय की." त्यांनी पाठ चौकटीवर घासली. लाकूड तिथे तुकतुकीत झालं होतं. "ही जागा माज्या सासूची. ती हुती तवर मी तकडं बसायची, मदल्या खोलीत, भिंतीला. ती गेली आनि चौकट मला आली."

"मधल्या खोलीत का? इथे दोघी मावल्या असत्या."

हौसाक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पानात तंबाखू नाही, तंबाखूत पान गुंडाळायला सांगितलं. "सासूच्या शेजारी चौकटीला पाठ लावून? व्हय, मग तिच्याच हातनं हुक्का बी भरून घ्यायचा!" गल्लीतल्या तीन दारांतून हसू आलं.

मी ते वाक्य गंमत म्हणून लिहून घेतलं आणि विसरले. बघायला गेले होते पाठीचा कणा. सासू माझ्या विषयात येत नव्हती. चहा पाजल्याशिवाय हौसाक्कांनी सोडलं नाही. तवंदीचा घाट चढताना बसमध्ये गादी मांडीवर घेऊन मी खुशीत होते. घाटात हवा गार लागली, खाली उसाची शेतं आणि त्यांच्यामधून जाणारा मोठा रस्ता दिसत होता. मला वाटत होतं, काम झाल्यातच जमा आहे.

बेळगुंदी

बेळगावाहून पश्चिमेला वळलं की माती तांबडी होते. तीही अशी तशी नाही. पायाला, धोतराला, बैलाच्या पोटाला, पांढऱ्या कुत्र्याला, सगळ्यांना तिचा एक हात दिलेला असतो. दिवाळी होऊन गेली होती, सकाळी धुकं, दुपारी ऊन, आणि गावभर रताळ्यांची पोती.

घरात वन्संचे यजमान, ज्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो, महेश, आणि वन्संच्या सासूबाई. सुनेने सासूला 'आत्या' म्हणायची तिकडे रीत. वन्संच्या मागोमाग मीही आत्याच म्हणते. आत्यांना ऐंशीचं वारं लागलेलं, पण ताठ. जेवताना त्यांनी मला भाताचा डोंगर वाढला, त्याला आमटीचं तळं केलं, आणि मी "पुरे" म्हटल्यावर म्हणाल्या, "पुण्यात काय मापात जेवत्यात व्हय?" मग पानावरूनच मांडी मोडून, हात न टेकता उभ्या राहिल्या. तशा त्या मला बघायला लावून उठल्या होत्या. "ह्ये बघ. गुडगं शाबूत हाईत. बैलगाडीच्या आखावानी."

वन्सं चुलीपाशी भिंतीचा आधार घेऊन उठत होत्या. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. मला ते आवडलं नाही, पण म्हातारीच्या जवळ मिरवायला गुडघ्यांखेरीज दुसरं काय आहे, असंही वाटलं.

सकाळी शेतात. वेल आधीच कापून गुरांसाठी बांधावर टाकलेले. आप्पा बैलांच्या नांगराने सरी फोडत पुढे, आणि त्यांच्यामागे बायका उकिडव्या बसून तांबड्या मातीतली तांबडी रताळी वेचत, झटकत, ढीग लावत. प्रत्येकीच्या लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलशर्ट. बांधावर सुक्या वेलांच्या जाळात चारसहा रताळी भाजत घातलेली. पुण्यात उपासाला रताळं उकडतात आणि त्याचा लगदा करून साखर घालतात. राखेतलं रताळं सोलून गरम गरम खाल्लं की साखरेची आठवण येत नाही, आपण इतकी वर्षं काय खात होतो एवढंच वाटतं.

मी गादी काढली. बायका कामं टाकून जमल्या.

"ह्ये काय गं, शेपूट?"

"शेपूटच की! पिवळं!"

मी ऐटीत सांगितलं, "हा पट्टा कमरेला, हे दोन मांड्यांना," आणि शब्द तोंडातच विरले. मांड्यांना? पुण्यात ज्या दोन मुलींवर मी गादी जोखली होती त्या दोघी पँट घालतात. लुगडं नेसलेल्या बाईने मांडीला पट्टा बांधायचा कुठून? तीस वर्षं 'आधी बघा, मग काढा' असं शिकाऊ मुलांना सांगत आले, आणि साडी विसरले. तीही स्वतः साडी नेसून! चूक तर चूक, मी साडीवरूनच पट्टे ओढून बांधले आणि बसून दाखवायला गेले. मांड्या एकमेकींना जखडलेल्या, तोल गेला, आणि मी पिवळ्या शेपटासकट सरीत आडवी झाले. बैलसुद्धा थांबले. आप्पांनी सभ्यपणे दुसरीकडे तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

हसून झाल्यावर मांड्यांचे पट्टे कापून टाकले. नुसता कमरेचा ठेवला. नायलॉनचा होता, साडीवरून घसरत होता, पण वन्संनी एका हाताने धरून ठेवला आणि सरीत बसल्या. पहिल्यांदा भीत भीत, मग पूर्ण भार टाकून. त्यांनी एक रताळं उचललं, झटकलं, ढिगावर टाकलं. मग दुसरं. त्यांचा चेहरा असा सैल झाला की मला मिक्सरच्या सगळ्या झाकणांपेक्षा त्या एका क्षणाचा अभिमान वाटला.

तेवढ्यात मागून आत्या आल्या, वन्संच्या शेजारच्या सरीत भुईवर उकिडव्या बसल्या आणि वेचू लागल्या.

वन्सं उठल्या. दोन्ही हात मातीत टेकून, दात आवळून उठल्या. पट्टा सोडला, गादी बांधावर ठेवली आणि परत येऊन सासूशेजारी उकिडव्या बसल्या. त्यांच्या तोंडातून बारीक आवाज निघाला.

"वन्सं, अहो काय करताय?"

"आत्या भुईवर आनि मी गादीवर? लोक तोंडात शेण घालतील."

"बस की गं तू," आत्या म्हणाल्या, "मी काय नगं म्हणतीय?"

"तुमी बसा मग गादीवर."

"मला कशाला? मी काय म्हातारी हाय व्हय? माजं गुडगं..."

"शाबूत आहेत," मी म्हटलं. "कळलं."

दिवसभर हेच. सून सासूपेक्षा उंच बसणार नाही, आणि सासू म्हातारी ठरायला तयार नाही. आमच्या घरी मी आणि सासूबाई एकाच सोफ्यावर बसायचो आणि भांडायचो ते टीव्हीच्या रिमोटवरून. उंचीचा प्रश्न कधी आलाच नाही. इथे मी वन्संना समजावलं, चिडले, आत्यांना गोंजारलं, पुन्हा चिडले. गादी बांधावर पडून राहिली, आणि दुपारी एक कुत्रं तिच्यावर झोपलं. एवढाच काय तो तिचा उपयोग.

संध्याकाळी वन्सं शेतातून घरापर्यंत तीनदा बसल्या. महेश दारात उभा राहून ते बघत होता.

वडगाव

"मामी, मला काय हौस हाय काय शेत दुसऱ्याला द्यायची?" महेश मोटारसायकलवरून मागे न बघता म्हणाला. कामाला जाताना तो मला वडगावात सोडणार होता. "आई पायऱ्या बसून उतरती. लहान पोरागत. तुमी बघितलासा न्हाय."

मी बघितलं होतं. मुलगा बरोबर होता, हीच तर अडचण होती. नुसती वाईट माणसं असती तर भांडून मोकळी झाले असते.

वडगावात आप्पांचे जुने दोस्त शंकरअण्णा राहतात. साड्या विणणारं घर. कमरेच्या पट्ट्याला न घसरणारं, न काचणारं कापड मला हवं होतं. गल्लीत शिरल्यापासून मागांचा खडखडाट कानात बसतो. बोलणारी माणसं सहजच वरच्या पट्टीत बोलतात, आणि बाहेरगावी गेली की लोकांना ती भांडतात असं वाटतं, असं शंकरअण्णांनीच ओरडून सांगितलं. त्यांनी एक डागी साडी काढली. विणताना मध्ये दोष राहिला की तिला गिऱ्हाईक नसतं, काठ मात्र चांगला असतो. डाळिंबी रंगाचा रुंद काठ. त्यांच्या बायकोने, सुमनआक्कांनी, त्याच्या चार घड्या घातल्या आणि शिलाई मशीनवर शेजारी शेजारी टिपा मारल्या. हातात घेतला तर पट्टा कणखर आणि तरी मऊ. साडीवर साडीचं कापड, घसरायचा प्रश्नच मिटला.

पट्टा शिवून होईपर्यंत मी घर बघत बसले. मागच्या खोलीत एक जुना चरखा होता, मागाला लागणाऱ्या कांड्या भरण्याचा. त्याच्यापाशी भिंतीजवळ एक पाट आणि पाटापलीकडे घडी घातलेलं पोतं. सवयीप्रमाणे पाट उचलून उलटा केला. खालच्या पट्ट्या झिजून एका बाजूला कलल्या होत्या.

"माज्या सासूचा हाय," सुमनआक्का मशीनवरून म्हणाल्या. "ती पाटावर बसून कांड्या भरायची. आता मी भरतो, पर मी पोत्यावर."

"आता तर पाट मोकळा आहे. तुम्ही का बसत नाही?"

"अजून सून आली न्हाय की मला!" त्या हसल्या. "तशी मजा हुती बगा. सासू पाटावर, मी पोत्यावर. काम तेच, बोलनं तेच. फकस्त ती चार बोटं वर. कुनाचं काय गेलं न्हाय."

मला निपाणीची चौकट आठवली आणि डोक्यात दिवा लागला. एवढा उशिरा लागला याची लाजही वाटली, पण आनंद त्याहून मोठा होता. मी काल दिवसभर वन्संना गादीवर बसवायची, नाहीतर तीच गादी आत्यांना द्यायची खटपट करत होते. वन्संच्या गुडघ्यांना वीतभर उंची हवी, ती कमी करता येत नाही. मग सासूची वाढवायची! आयुष्यभर वस्तूंची मापं लहान, मध्यम आणि मोठं अशी पाडली. इथे मापं दोनच होती, सून आणि सासू.

शहापुरात रिक्षाची सीटं करणाऱ्याकडून जाड फोम आणला. सुमनआक्कांच्या ओसरीवर बसून सुरीने तो कापला, चिकटवला, पुन्हा कापला. वर डागी साडीचा पदर ओढून बसवला, तळाला पांढरं रेक्झिन लावलं. जुन्या पिवळ्या गादीलाही तेच कपडे चढवले. पट्टे दोन. तयार झालेली जोडी शेजारी ठेवली तर सासूची बैठक बरोबर चार बोटं उंच आणि जरा तोऱ्यात दिसत होती. एवढ्या वर्षांत कुठल्या वस्तूने मला इतकं हसवलं नाही.

"आनि नातसून आली की?" शंकरअण्णांनी ओरडून विचारलं. महेशसाठी कंग्राळीची एक मुलगी बघितलेली होती, बँकेत काम करणारी.

"ती खुर्चीवर बसते," मी ओरडून सांगितलं. "तिचं तिकडेच चांगलं चाललंय."

निघताना सुमनआक्कांनी कुंदा दिला. दुधाचा खवा खरपूस तपकिरी होईतो परतून केलेला, दाणेदार. मोटारसायकलवर मागे बसून, दोन बैठका बगलेत धरून, मी अर्धा संपवला. उरलेला घरी देताना डबा मुळातच लहान होता असं सांगितलं.

पुन्हा बेळगुंदी

सकाळी शेतावर शेजारीही येऊन उभा होता. भला माणूस, पण त्याची नजर सऱ्यांवरून फिरत होती. वाट्याचं बोलणं करायला महेशनेच त्याला बोलावलेलं. वन्संनी त्याला पाहिलं आणि त्या जाऊन उकिडव्या बसल्या. भराभरा वेचू लागल्या, जणू हात जोरात चालले की गुडघे गप्प बसतील. सरीच्या निम्म्यात त्या थांबल्या. उठायला गेल्या, उठवेना. हात टेकले, पुन्हा प्रयत्न केला, आणि तशाच मातीत बसून राहिल्या. डोळ्यांना पदर लावला.

मी बैठका घेऊन पुढे झाले. पाठ करून ठेवलेलं सगळं भाषण ऐनवेळी गेलं.

आत्या आपल्या सरीतून हात न टेकता उठल्या. माझ्याकडे आल्या.

"त्यातली माजी कंची?"

मी उंच बैठक पुढे केली.

"उंच का?"

"तुम्ही सासू म्हणून."

त्यांनी ती हातात तोलली, डाळिंबी काठावरून अंगठा फिरवला. मग सगळ्या शेताला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आता हुईना बाबा माज्यानं. गुडगं धरलं माजं बी. म्हातारी झाले मी." आणि पट्टा कमरेला बांधून, आप्पांचा शर्ट वरून ओढून, बैठकीवर जाऊन बसल्या. उंच, ताठ. "ए शालन, आता तरी बसशील का मी पाया पडू तुज्या?"

वन्सं रडता रडता हसल्या. मी त्यांना हाताने उठवलं, पट्टा बांधला. त्यांनी एकदा आत्यांकडे बघून घेतलं, त्या खरंच वर आहेत ना याची खात्री केली, आणि बसल्या.

नंतर दिवस कसा गेला ते कळलं नाही. वन्सं सरीमागून सरी पुढे सरकत होत्या. उठल्या की शेपूट मागोमाग उठत होतं, आणि बायका "आली बघा हनुमंताची आई" म्हणून चिडवत होत्या. त्या गात होत्या असं म्हणवत नाही, पण गुणगुणत नक्कीच होत्या. आत्या त्यांच्या मागे, अर्ध्या सरीवर. शेजाऱ्याने जेवणापर्यंत वाट पाहिली, एक भाजलेलं रताळं खाल्लं, महेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अजून लई दिस हाईत रं तुज्या आईचं. मला नगं." आणि गेला. महेशने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पोती भरू लागला.

संध्याकाळी वन्सं शेतातून घरी आल्या त्या एकदाही न बसता. आल्या आल्या चुलीपाशी गेल्या. आत कुकरच्या शिट्ट्या आणि त्यांचं मोठमोठ्याने बोलणं. मी अंगणात बैठका झटकायला घेतल्या आणि अर्थातच उलट्या केल्या.

वन्संच्या बैठकीचा तळ तांबडा झाला होता. माती दाबून दाबून रेक्झिनच्या सुरकुत्यांत शिरलेली, कडेपर्यंत, रेक्झिनचा पांढरा रंग कुठे शोधून सापडेना. असा तळ बघायला मिळावा म्हणून माझ्या धंद्यातली माणसं आयुष्य काढतात.

आत्यांची बैठक उलटी केली. एका कडेला टीचभर माती. बाकी सगळा तळ पांढरा, काल सुमनआक्कांच्या ओसरीवर होता तसाच.

मान वर केली तर आत्या पायरीवर उभ्या.

"उंच लई केलीस तू," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हात भुईला पोचत न्हाईत. उंटावर बसल्यागत हुतंय. शालन म्होरं गेली की मी बैठक मागं सारून माजी मी भुईवर बसले."

"दिवसभर उकिडव्या? पट्टा बांधून?"

"मग? सोडला असता तर ती मागं वळून बघती आनि उटती." त्यांनी आत नजर टाकली. आत वन्सं हसत होत्या. "माजं काय, माजं गुडगं शाबूत हाईत. पर आता ते कुनाला सांगू नगस. उद्या परत बांधनार हाय मी."

आत्या पायरी उतरून गोठ्याकडे गेल्या. वन्संची चाहूल दाराशी आली, "वैजू, बैठका आत आण गं, दव पडतंय."

"आणते," मी म्हटलं. न्हाणीच्या कडेची ओली तांबडी माती मुठीत घेतली आणि आत्यांच्या बैठकीच्या तळाला चोळली. मधोमध, सुरकुत्यांत, कडेपर्यंत, पांढरं काही शिल्लक राहणार नाही अशी. मग हात धुतले आणि दोन्ही बैठका आत नेऊन खुंटीला टांगल्या, सासूची वर आणि सुनेची खाली.